कलासंग्रहालयांतील कार्यशाळा आणि ग्रामीण प्रेक्षक : एक चिकित्सा

प्रस्तावना

वस्तुसंग्रहालय म्हणजे जुन्या वस्तूंचे भांडार, ही समजूत अभ्यासकांनी केव्हाच मागे टाकली आहे. आंतरराष्ट्रीय वस्तुसंग्रहालय परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग येथे स्वीकारलेल्या व्याख्येत जतन, संशोधन व प्रदर्शन यांच्या जोडीला सर्वसमावेशकता आणि समाजाचा सहभाग यांनाही स्थान मिळाले. व्याख्याने, दालनभ्रमंती, मुलांसाठी कार्यशाळा असे लोकाभिमुख उपक्रम आज महाराष्ट्रातील मोठ्या संग्रहालयांच्या कामकाजाचा नित्य भाग झाले आहेत. या उपक्रमांचे स्वागत करीत असतानाच ते नेमके कोणासाठी आहेत आणि त्यांतून कोणाची कला कोणाच्या हाती जाते, हे प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्याच्या, विशेषतः इस्लापूर परिसराच्या संदर्भात केला आहे.

अंतराचा प्रश्न

मुंबईतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये पुन्हा खुले झाले. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१९ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय सुरू झाले. दोन्ही उपक्रम स्तुत्य आहेत. परंतु इस्लापूरहून मुंबई सहाशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेथील विद्यार्थी या दालनांत शिरला, तर तो बहुधा शैक्षणिक सहलीच्या घाईत, रांगेतून चालत आणि इतर स्थळे गाठण्याच्या गडबडीत.

ही उणीव ओळखून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये ‘फिरते संग्रहालय’ सुरू केले. बसमध्ये मांडलेले प्रदर्शन शाळांच्या व गावांच्या दारी जाऊ लागले. काचेपलीकडची वस्तू मुलांच्या हातापर्यंत आणण्याचे श्रेय या उपक्रमाला द्यावेच लागेल. तथापि त्याची मर्यादाही त्याच्या रचनेतच आहे. बस येते, दाखवते आणि निघून जाते. ज्ञानाचा प्रवाह शहराकडून गावाकडे असा एकाच दिशेने वाहतो. गावातील वस्तू, कारागीर व स्मृती यांना त्या बसमध्ये चढण्याची वाट राहत नाही.

वारलीचे उदाहरण

कार्यशाळांच्या आशयाकडे वळल्यास वारली चित्रकलेचे उदाहरण बोलके ठरते. तांदळाच्या पिठाने मातीच्या भिंतीवर काढली जाणारी ही चित्रे मूळची लग्नविधीतील. लग्नाचा चौक आणि त्यातील पालघाट देवता रेखाटण्याचा अधिकार वारली स्त्रियांचा होता. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी भास्कर कुलकर्णी यांनी वारली पाड्यांवर जाऊन ही चित्रे कागदावर आणण्यास प्रोत्साहन दिले आणि डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांचे नाव जगभर गेले. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले.

या प्रवासात कलाकारांना प्रतिष्ठा व उत्पन्न मिळाले, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र दोन तासांच्या ‘वारली कार्यशाळे’त शिकविले जाते ते त्रिकोण, वर्तुळ व रेषा यांचे तंत्र. लग्नाचा चौक गळतो, धवलेरीचे गाणे गळते आणि स्त्रियांचा अधिकारही गळतो. रूप राहते, अर्थ जातो. अशा कार्यशाळेतून मूल एक नक्षी शिकते. ती नक्षी कोणाची व कशासाठी, हे शिकत नाही.

याचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. ‘आदिवासी कला म्हणजे वारली’ असे समीकरण रूढ होते. किनवट-माहूर परिसरातील गोंड, कोलाम, परधान, आंध या समाजांतील मुलांनाही शाळेत ‘आपली कला’ म्हणून पालघरची नक्षी काढावी लागते. दिवाळीच्या सुमारास त्यांच्याच वस्त्यांत नाचणारी दंडार, घुसाडीचा मोरपिसांचा टोप आणि तो बांधणाऱ्या हातांचे कौशल्य मात्र कार्यशाळेचा विषय होत नाही.

येथे प्रशासकीय इतिहासही लक्षात घ्यावा लागतो. किनवट तालुका हैदराबाद संस्थानात आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्यात आला. सीमा बदलली तरी नृत्यपरंपरा एकच राहिली. आदिलाबादकडील घुसाडी कलावंत कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. सीमेच्या अलीकडील त्याच परंपरेची सांस्कृतिक दखल मात्र त्या प्रमाणात घेतली गेली नाही.

भोपाळचा धडा

या संदर्भात भोपाळच्या भारत भवनाचा अनुभव मार्गदर्शक आहे. १९८२ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी आदिवासी व नागर कलाकारांची चित्रे समान दर्जाने मांडली. पाटणगढचे जनगढ सिंह श्याम हे परधान कलाकार तेथूनच पुढे आले. येथे आदिवासी व्यक्ती नमुना म्हणून नव्हे, तर नाव असलेला कलाकार म्हणून संग्रहालयात आली. परंतु याच जनगढांनी २००१ मध्ये जपानमधील एका संग्रहालयात कामासाठी वास्तव्यास असताना आत्महत्या केली. कारणांविषयी तर्क करण्याचे हे स्थळ नव्हे. तरीही कलाकाराला निमंत्रण देणाऱ्या संस्थेची जबाबदारी त्याच्या चित्रापाशी संपत नाही, हे या घटनेने कायमचे नोंदवून ठेवले आहे.

महाविद्यालयांची भूमिका

मराठवाड्यात तेर, पैठण आणि माहूर येथे राज्य शासनाची संग्रहालये आहेत. यांपैकी माहूर हे नांदेड जिल्ह्यातीलच. देवीच्या दर्शनाला तेथे लोटणारी गर्दी संग्रहालयाकडे वळत नसेल, तर दोष केवळ गर्दीला देता येणार नाही. आपल्याशी बोलणारे कोणी आत आहे, असे लोकांना वाटले पाहिजे. परिसरातील महाविद्यालयांनी या संग्रहालयाशी नाते जोडल्यास इतिहास, मराठी व समाजशास्त्र विभागांचे विद्यार्थी वस्तूंची माहिती मराठीबरोबर गोंडी व कोलामीतही तयार करू शकतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत गावातील वाद्ये, अवजारे व दागिने यांची नोंद मालकांच्या संमतीने घेता येईल. दंडारीचे जाणते मानधनासह व्याख्याते म्हणून येतील. यासाठी मोठ्या इमारतीची गरज नाही. एक खोली, एक नोंदवही आणि सातत्य पुरेसे आहे.

निष्कर्ष

१) उपस्थितांची संख्या हा लोकाभिमुखतेचा निकष होऊ शकत नाही, उपक्रम संपल्यावर गावाकडे काय उरते, हा खरा निकष होय.

२) कलेचे तंत्र शिकविताना तिचा विधी, तिची भाषा आणि तिचे हक्कदार यांचा उल्लेख न करणे हे अपुरे शिक्षण आहे.

३) स्थानिक कलावंताला प्रात्यक्षिकापुरते न बोलावता विषय ठरविण्याच्या टप्प्यापासून सहभागी करून घ्यावयास हवे.

किनवटच्या विद्यार्थ्याला जगातील कला दाखविणे हे संग्रहालयाचे कर्तव्य आहेच. परंतु आपल्या आजोबांच्या हातची वस्तूही दालनात ठेवण्याजोगी आहे, हे त्याला त्याआधी उमगले पाहिजे. ते उमगल्याशिवाय तो जगाच्या कलेकडे बरोबरीच्या नात्याने पाहू शकणार नाही.