पदकानंतरचीं वर्षें : ‘चंदू चॅम्पियन’

चरित्र रंगविणाऱ्यापुढें एक मोह नेहमींच उभा असतो. नायकाचा सर्वांत मोठा दिवस निवडावा आणि बाकीचें आयुष्य त्या दिवसाच्या सोयीनें मांडावें. कबीर खान यांचा ‘चंदू चॅम्पियन’ (२०२४) हा हिंदी चित्रपट या मोहांतून सुटलेला नाहीं. आणि तो चांगला असल्यामुळेंच त्याचें वाईट वाटतें.

चरित्रनायक श्री. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यांतले. सैन्यांत असतांना १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून त्यांचें कमरेखालचें अंग लुळें पडलें. उपचार म्हणून पोहणें सुरू झालें. आणि १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें, अपंग खेळाडूंच्या पॅरालिंपिक स्पर्धेंत, ५० मीटर पोहण्याची शर्यत त्यांनीं ३७.३३ सेकंदांत जिंकली. तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता, आणि त्या स्पर्धांतील भारताचें तें पहिलें सुवर्णपदक.

१९५२ सालीं हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतलेल्या खाशाबा जाधवांचें स्वागत लहान मुरली पाहतो. आपणही पदक आणूं म्हणतो, आणि सारे हसतात. हें हसणेंच कथेचें सूत्र आहे. कार्तिक आर्यन यांनीं कमावलेलें शरीर दाखविलें, त्याहून कठीण म्हणजे तें निकामी झाल्यावरची लाजही दाखविली. जमिनीवर ज्याला पाऊल टाकतां येत नाहीं त्याला पाणी परकें मानीत नाहीं, हें तलावांतील प्रसंगांत न बोलतां कळतें.

मग तक्रार कोणती? १९७२ पासून २०१८ च्या ‘पद्मश्री’पर्यंत शेचाळीस वर्षें गेलीं. या काळांत पेटकरांनीं तेव्हांच्या टेल्कोंत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्यें, नोकरी केली. हीं वर्षें चित्रपटांत जवळजवळ नाहींतच. वृद्ध नायक अर्जुन पुरस्कारासाठीं पोलीसठाण्यांत तक्रार घेऊन येतो, एवढेंच दिसतें. आणि दोष काय तो सरकारचा, अशी प्रेक्षकाची सोयीस्कर समजूत होते.

आम्ही पिंपरीच्या संत तुकाराम नगरांत राहतों. पहिल्या पाळीसाठीं कंपनीच्या बसची वाट पाहणारीं माणसें येथें रोज दिसतात. त्यांत एखादा जगज्जेता असता तर आम्हीं त्याला ओळखलें असतें काय? खाशाबांचें स्वागत झालें हें खरें. पण अर्जुन पुरस्कार त्यांनाही मरणोत्तरच मिळाला. स्वागतानंतर गांव आपापल्या कामाला लागतो, ही गोष्ट चित्रपट सांगत नाहीं. ती सांगितली असती तर प्रेक्षक टाळ्या वाजवून मोकळा झाला नसता.

चित्रपटानंतर, जानेवारी २०२५ मध्यें, पेटकरांना अर्जुन जीवनगौरव पुरस्कार मिळाला, हें समाधान आहे. मुलांसह चित्रपट अवश्य पाहावा. मात्र घरीं परततांना त्यांना विचारावें, पदक जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशीं या माणसानें काय केलें असेल? उत्तर चित्रपटांत नाहीं. तें आपल्याच वस्तींत शोधावें लागेल.