सुरात आणायचे, पण कोणाच्या सुरात?

चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावी आता एक संगणक, एक मायक्रोफोन आणि पंखा बंद केलेली खोली एवढ्यावर गाणे मुद्रित होऊ शकते. स्नेहसंमेलनाचे स्वागतगीत, शाळेची प्रार्थना, भजनी मंडळाची भजने, सारे काही घरच्या घरी. ही सोय चांगलीच आहे. मात्र तिच्यासोबत 'सूर दुरुस्त करणारी' आज्ञावलीही घरात आली आहे. गाणाऱ्याचा स्वर चुकला की ती तो उचलून योग्य जागी ठेवते, असा तिचा दावा असतो. ही 'योग्य जागा' कोण ठरवते, हे शिक्षकांनी तपासून पाहायला हवे. कारण दुरुस्त होणारे आवाज पुष्कळदा विद्यार्थ्यांचे असतात.

या जातीची पहिली गाजलेली आज्ञावली म्हणजे 'ऑटो-ट्यून'. अमेरिकेतील अँडी हिल्डेब्रँड यांनी ती १९९७ साली बाजारात आणली. हिल्डेब्रँड यांचे आधीचे काम तेलशोधाचे होते. जमिनीत सोडलेल्या कंपनलहरी परत येतात, त्यांच्या नोंदींवरून खालच्या थरांचा अंदाज घेण्याचे गणित त्यांच्या हातचे होते. तेच गणित त्यांनी गळ्याला लावले.

त्याची रीत समजायला सोपी आहे. संगणक ध्वनीची सेकंदाला ४४,१०० मापे घेतो असे धरू. गाणाऱ्याचा स्वर १४७ हर्ट्झचा असेल, तर ध्वनिलहरीचा तोच आकार दर ३०० मापांनी पुन्हा येईल. आज्ञावली लहरीची एक प्रत काढते, ती मूळ लहरीवर ठेवून थोडी थोडी सरकवते आणि दोन्ही केव्हा सर्वांत चांगल्या जुळतात ते पाहते. ३०० मापे सरकवल्यावर त्या जुळल्या, की ४४,१०० भागिले ३००, म्हणजे १४७ हर्ट्झ, ही कंपनसंख्या मिळते. या तुलनेला स्वयंसहसंबंध म्हणतात.

येथपर्यंत विज्ञान निर्दोष आहे. पण आज्ञावलीचे काम तीन पायऱ्यांचे असते: स्वर मोजणे, तो कोठे असायला हवा ते ठरवणे, आणि तेथे तो हलवणे. पहिली पायरी मापनाची आणि तिसरी यंत्रकौशल्याची आहे. दुसरी पायरी मात्र निवाड्याची आहे, आणि आक्षेप आहे तो तिच्यावर. नेहमीच्या मांडणीत हा निवाडा असा असतो: 'धा'च्या वरच्या-खालच्या विचाराऐवजी ४४० हर्ट्झचा एक ठरीव स्वर आधार मानायचा, सप्तकाचे बारा समान भाग करायचे आणि गाणाऱ्याचा स्वर सर्वांत जवळच्या पट्टीवर नेऊन बसवायचा.

पहिली अडचण 'सा'चीच. आपल्याकडे 'सा' गाणाऱ्याच्या गळ्यानुसार ठरतो. समजा, तंबोरा १४२ हर्ट्झला लावला आहे. पेटीची काळी एक १३८.६ हर्ट्झची आणि पांढरी दोन १४६.८ हर्ट्झची असते. सप्तकाचे १२०० समान भाग केले तर प्रत्येक भागाला सेंट म्हणतात. लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट अंतर असते. १४२ चा स्वर काळी एकच्या ४२ सेंट वर आहे. आज्ञावलीला ही चूक वाटते व ती 'सा' खाली ओढते. मागे तंबोरा मात्र १४२ वरच वाजत असतो, त्यामुळे दोहोंच्या संयोगाने सेकंदाला तीन-चार ठोके पडू लागतात. तंबोरा १४३ ला लावला असता तर हाच 'सा' वर, पांढरी दोनकडे ओढला गेला असता! एका हर्ट्झच्या फरकाने दुरुस्तीची दिशाच उलटते. मुळात चूक कोठेच नव्हती.

आधारस्वर नीट भरून दिला तरी दुसरी अडचण उरते. 'सा' २४० हर्ट्झ धरू. त्याच्याशी ५:४ या प्रमाणात असलेला गंधार ३०० हर्ट्झचा होतो. बारा समान भागांतला गंधार ३०२.४ हर्ट्झचा. फरक १४ सेंटचा. तो लहान वाटला तरी तंबोऱ्यापुढे लपत नाही. २४० हर्ट्झच्या तारेतून निघणारा पाचवा उपस्वर १२०० हर्ट्झचा असतो. ३०० च्या गंधाराचा चौथा उपस्वरही १२०० चाच, म्हणून दोन्ही मिसळून जातात. ३०२.४ चा चौथा उपस्वर सुमारे १२०९.५ हर्ट्झचा येतो आणि सेकंदाला साडेनऊ ठोके पडतात. म्हणजे तंबोऱ्याशी एकरूप झालेला गंधार आज्ञावली 'सुधारून' बेसूर करते.

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरचे आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी आणि ई. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याने श्रुतींची पेटी करण्याचा खटाटोप केला, तो समभागांच्या पट्ट्या आपल्या गाण्याला पुरत नाहीत म्हणूनच. पुढे १९४० मध्ये रेडिओवर पेटीला बंदी झाली. ती १९७१ च्या सुमारास सैल झाली. पण पेटी निदान साथीला होती. गवई तिच्यापासून हवा तेव्हा दूर जाऊ शकत होता. ही आज्ञावली गळ्यातच पेटी बसवते.

मग बारांऐवजी बावीस घरे दिली तर? मोठ्या आज्ञावलींत स्वरांतरे बदलण्याची सोय असते. पण तेवढ्यानेही प्रश्न सुटत नाही. जयराजभॉय आणि स्टोन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत असे दिसले, की नामवंत कलावंतांचे स्वरही एकाच मैफलीत एका बिंदूवर स्थिर नसतात. तेव्हा बावीस खुंट्यांचा आग्रहही मापनाला धरून नाही. स्वराची जागा आधी काय आले, पुढे काय येणार आणि राग कोणता, यावर अवलंबून असते. 'सा'पासून 'ग'पर्यंतची मींड घ्या. गळा ४०० सेंटचा चढ सलग चढतो. दुरुस्तीचा वेग सर्वांत जास्त ठेवला, तर त्या चढाच्या पाच पायऱ्या होतात. दरबारीतल्या कोमल गंधाराचे आंदोलनही असेच सपाट होते.

वऱ्हाडात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) खंजिरी भजनांची परंपरा आहे. त्यांचा मोझरीचा गुरुकुंज आश्रम शेजारच्याच तिवसा तालुक्यात आहे. भजनात मागे धरणाऱ्या दहा-बारा जणांचे स्वर तंतोतंत एक नसतात. त्या किंचित फरकांमुळेच समूहाचा आवाज भरदार लागतो. प्रत्येक आवाज वेगळा मुद्रित करून एकाच रेषेवर आणला, तर एकच माणूस दहादा गायल्यासारखे ऐकू येते. आणि सर्वांना एकाच मायक्रोफोनवर घेतले तर खंजिरी, टाळ, पेटी यांच्या गर्दीत साध्या आज्ञावलीला मूळ स्वरच नीट सापडत नाही. कारण तिचे गणित एका गळ्यासाठी रचलेले आहे.

याचा अर्थ हे साधन टाकाऊ आहे असा नव्हे. कीबोर्डच्या साथीवरचे गीत समभागांच्या सप्तकातच असते. तेथे एखादा घसरलेला दीर्घ स्वर हळुवार सावरला तर काही बिघडत नाही. १९९८ साली शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह' या गाण्यात आवाजाच्या पायऱ्या मुद्दाम ऐकवल्या होत्या. तो उघड केलेला प्रयोग होता.

शाळेची गोष्ट निराळी. मूल बेसूर होते याला कारण असते. पट्टी फार खाली असते, तंबोरा ऐकू येत नसतो, श्वास पुरत नसतो. आज्ञावली कारण तसेच ठेवते आणि लक्षण पुसते. उत्तरपत्रिकेतले चुकीचे उत्तर खोडायचे, स्वतः बरोबर लिहायचे आणि पूर्ण गुण द्यायचे, असाच हा प्रकार आहे. ज्याचा स्वर खरा होता त्याला तर आपले कुठे चुकले, हे कधी कळणारच नाही.

त्यापेक्षा पहिल्या पायरीचा उपयोग वर्गात करावा. अॅमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेली 'प्रात' ही आज्ञावली विनामूल्य मिळते. ती आवाजाच्या कंपनसंख्येचा आलेख काढते, दुरुस्तीचा आग्रह धरत नाही. विद्यार्थ्यांना तंबोऱ्यावर 'सा' आणि 'ग' लांबवून गाऊ द्यावे, दोन्ही कंपनसंख्या वाचाव्यात आणि भागाकार करावा. उत्तर १.२५ च्या जवळ येते की १.२६ च्या, हे त्यांनीच पाहावे. नंतर हाच प्रयोग पेटीबरोबर करून फरक पडतो का ते नोंदवावे. घरी मुद्रण करणाऱ्यांनीही तीन गोष्टी पाळाव्यात: आधी आपला 'सा' मोजून आज्ञावलीला सांगावा, न सुधारलेले मूळ मुद्रण जपून ठेवावे, आणि सूर दुरुस्त केला असेल तर तशी नोंद करावी.