सुरकुती पडेपर्यंत

दुचाकी घसरते, नडगीचे हाड गुडघ्याला लागूनच फुटते, एक्स-रेत फुटक्या बशीसारखे तुकडे दिसतात. आणि डॉक्टर काय करतात, तर मांडीत व नडगीत पिना घालून बाहेरून एक दांडा लावतात आणि पाय उशीवर उंच ठेवून देतात. आठ-दहा दिवस तसेच. नातेवाईक अस्वस्थ होतात, 'इथे काही होणार नाही, दुसरीकडे हलवूया' अशी कुजबूज वॉर्डात सुरू होते. माझे मत विचाराल, तर अशा अस्थिभंगांच्या शस्त्रक्रियेने गेल्या पन्नास वर्षांत जे काही कमावले, त्यातली सर्वांत मोठी कमाई हे थांबणेच आहे.

आपल्याच नडगीवरून बोट फिरवून पाहा. आतल्या बाजूला कातडी आणि लगेच हाड. मध्ये मांस नाहीच. वरचा सपाट भाग, ज्याला डॉक्टर टिबियल प्लॅटो म्हणतात, त्यावर मांडीच्या हाडाची दोन गोल टोके टेकलेली असतात. जोराचा मार बसला की ही टोके घणासारखी खाली आदळतात. हाड फुटते ते एका क्षणात, पण कातडी पुढचे दोन दिवस सुजत जाते, तिच्यावर पाण्याचे फोड येतात. अशा कातडीत चीर घातली की जखम मिटत नाही.

हे उमगायला वेळ लागला. टोरंटोच्या जोसेफ शॅट्झकर यांनी १९७९ मध्ये या अस्थिभंगांचे सहा प्रकार मांडले. शेवटचे दोन, म्हणजे दोन्ही बाजू फुटलेले, सर्वांत वाईट. त्यांच्यासाठी गुडघ्यासमोर एकच लांब चीर द्यायची, दोन्हीकडची कातडी सोलायची आणि दोन प्लेटा ठोकायच्या, असा खाक्या होता. एक्स-रे देखणे येत. रोगी मात्र पू होऊन परत येत, कारण हाडाला रक्त पोचवणारे सगळे त्या सोलण्यातच गेलेले असे. पुढे दोन वेगळ्या, लांब अंतरावरच्या चिरा आल्या. सिएटलच्या शल्यचिकित्सकांनी २००४ मध्ये अशा ८३ रुग्णांचा हिशेब दिला, तेव्हाही खोलवरचा जंतुसंसर्ग ८.४ टक्के होता. बारांत एक! म्हणूनच आधी बाहेरचा दांडा, मग सीटी स्कॅन, आणि कातडीवर पुन्हा बारीक सुरकुत्या दिसू लागल्या की मगच चीर, हा क्रम रुळला.

सीटी स्कॅनने तर नजरच बदलली. समोरून काढलेल्या एक्स-रेत मागचा तुकडा लपून राहायचा. शांघायच्या लुओ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये आतला, बाहेरचा आणि मागचा असे तीन खांब कल्पून विचार करायला शिकवले, आणि मागच्या खांबासाठी रोग्याला पालथे निजवून शस्त्रक्रिया करण्याला बळ मिळाले. २०१८ मध्ये शॅट्झकर यांनी कफुरी यांच्याबरोबर आपलेच वर्गीकरण नव्याने तपासले. स्वतःच्या नावाने चालणारी गोष्ट दुरुस्त करणे हे मला कोणत्याही नव्या प्लेटेपेक्षा मोठे वाटते.

प्लेटेचे कौतुक जरा जास्तच झाले आहे. स्क्रू प्लेटेतच घट्ट बसणारी 'लॉकिंग' प्लेट उत्तम हत्यार खरे, ठिसूळ हाडात तर फारच. पण बाहेरून एक लॉकिंग प्लेट लावली की झाले, हा आळसही तिनेच आणला. आत-मागचा तुकडा मोकळा राहिला तर गुडघा हळूहळू आत कलतो.

उलट रिंगवर, म्हणजे पायाभोवती बाहेरून बसवलेल्या कड्यांच्या चौकटीवर, अन्याय झाला. ही पद्धत रूढ करणाऱ्या इलिझारोव्ह यांच्या कड्या-तारांची आणि चीर देऊन प्लेट बसवण्याच्या उघड्या शस्त्रक्रियेची तुलना कॅनडात झाली, ८३ अस्थिभंगांवर. २००६ मधला तो निष्कर्ष सांगतो की हाड दोन्हींत सारखेच बसले, रिंगवाले लवकर घरी गेले, त्यांच्यात मोठी गुंतागुंत कमी होती. तरी पायाभोवतीचा पिंजरा कुणाला नको असतो, तारांच्या तोंडाशी चिघळते हेही खरे. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशींची 'जेस' ही हलकी, स्वस्त चौकट आपल्याकडे याच कामी वापरली गेली आहे. कातडी नाजूक आणि खिसा हलका असेल तिथे ती आजही विचारात घ्यावी.

पुढचे काय? कॅनडातल्या ऑन्टारियोत अशा ८,४२६ शस्त्रक्रियांचा मागोवा घेतला, तेव्हा दहा वर्षांत ७.३ टक्के रुग्णांना कृत्रिम गुडघा लागला होता. असा अस्थिभंग न झालेल्या तशाच इतर माणसांत हे प्रमाण १.८ टक्के. म्हणजे बहुतेकांचा गुडघा टिकतो. पण टिकणे वेगळे, वाकणे वेगळे. १२० अंश वाकणारा गुडघा जिना चढतो, खुर्चीवर बसतो. उकिडवे बसायला मात्र अपुरा पडतो. दहा-बारा आठवडे पायावर भार द्यायचा नसतो, पण गुडघा वाकवणे मात्र लवकर सुरू करायचे असते. आपल्याकडे या दोन सूचनांची गल्लत होते आणि चांगली शस्त्रक्रिया ताठ गुडघ्यात संपते.

तेव्हा डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा. एकच गोष्ट थांबत नाही : पोटरी दगडासारखी घट्ट झाली, औषध देऊनही कळा वाढत गेल्या, पायाची बोटे नुसती ताणली तरी रोगी ओरडू लागला, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, डॉक्टरांना उठवा. पावलाची नाडी लागते आहे म्हणून सकाळची वाट पाहू नका. आतले स्नायू मरत असतानाही ती लागते.