धन्याचें जनावर आणि दासीचें पांखरूं

वाङ्मयांत जनावर येतें तें बहुधा एकटें येत नाहीं. त्याच्या मागें त्याचा धनी असतो आणि धन्याच्या मागें समाजांतील त्याची पायरी असते. कोण वर आणि कोण खालीं, हें लेखक उघडपणें सांगेलच असें नाहीं. पण तो जनावराची उपमा कोणाला देतो एवढें लक्षपूर्वक पाहिलें, तर तें कळून येतें. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींतील (१८३७–१९०१) इंग्रजी कादंबरी या कसोटीवर घासून पाहण्याजोगी आहे. तीच कसोटी परभणी जिल्ह्यांतील गंगाखेडच्या जनाबाईला लावली असतां जें दिसतें, तें आमच्या मतें अधिक विचार करण्याजोगें आहे. काळ, भाषा आणि वाङ्मयप्रकार यांचें अंतर मोठें आहे खरें. पण धनी आणि चाकर यांचा संबंध दोहोंकडे आहे, आणि दोहोंकडे त्याची साक्ष मुकीं जनावरेंच देत आहेत.

डिकन्सच्या 'हार्ड टाइम्स' (१८५४) या कादंबरीच्या आरंभीं शाळेंत सिसी ज्यूप या मुलीला घोड्याची व्याख्या विचारतात. तिचा बाप सर्कशींत घोड्यांच्या कामावर असतो. तिचें बालपण घोड्यांत गेलेलें. तरी तिला व्याख्या देतां येत नाहीं. बिट्झर नांवाचा विद्यार्थी मात्र चतुष्पाद, तृणभक्षक, चाळीस दांत, असा पाढा घडाघड म्हणून दाखवितो. ज्यांचें पोट घोड्यावर चालतें त्यांनाच घोडा ठाऊक नाहीं, असा निवाडा देणारी ही शाळा आहे. त्याच गांवांत गिरणीकामगारांना 'हात' एवढेंच नांव आहे. आणि समुद्रकांठच्या क्षुद्र जीवांसारखे ते केवळ हात व पोट असते तर कित्येकांना बरें वाटलें असतें, असा टोला डिकन्सनें मारला आहे. शेवटीं या बिट्झरची वाट सर्कशींतला एक घोडा आणि एक कुत्रा मिळून अडवितात, तेव्हां वाचकाला जें समाधान वाटतें तें निव्वळ गमतीचें नाहीं.

हार्डीचें चित्र याहून कठोर आहे. 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' (१८७४) मध्यें गॅब्रिएल ओकच्या दोनशें मेंढ्यांना त्याचाच एक अननुभवी कुत्रा कड्यावरून खालीं लोटतो. आणि स्वतःचा कळप बाळगणारा ओक एका रात्रींत दुसऱ्याच्या मेंढ्या राखणारा चाकर होतो. 'टेस' (१८९१) मध्यें प्रिन्स हा घोडा मरतो आणि एका कुटुंबाची भाकरीच तुटते. मग थोरल्या मुलीला श्रीमंतांच्या वाड्यावर कोंबड्या सांभाळण्यास जावें लागतें. त्या कोंबड्यांना दिलेलें घर पूर्वीं पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या कुळांचें होतें, हा तपशील हार्डी जातां जातां सांगतो; पण त्या गांवांत माणसाचा भाव काय होता हें त्यावरून पुरतें कळतें.

या साऱ्या कथांत घोडा, कुत्रा, मेंढी, कोंबडी कोणाच्या ना कोणाच्या मालकीचीं आहेत. जनावर गेलें कीं माणसाची पायरी गेली. उपमा दिली जाते तीही वरून खालीं: धन्याच्या नजरेला चाकर पशूसारखा दिसतो, आणि कादंबरीकार त्या नजरेचा निषेध करतो.

आतां गोदाकांठच्या गंगाखेडकडे वळूं. जनाबाईचा जन्म तेथला. लहानपणींच ती पंढरपुरास दामाशेटींच्या घरीं आली आणि नामदेवांची दासी म्हणून तिचें आयुष्य गेलें, असें परंपरा सांगते. दळण, कांडण, झाडलोट, शेण गोळा करणें हें तिचें काम; आणि तिच्या अभंगांत विठ्ठल येतो तोही याच कामांना हात लावण्यास. तिच्या एका सुप्रसिद्ध अभंगांत चार चित्रें ओळीनें आलीं आहेत. दूर जाऊन पिलांसाठीं चारा आणणारा पक्षी, आकाशांत फिरतांना पिलांकडे झेपावणारी घार, कामांत गुंतूनही मन बाळापाशीं ठेवणारी आई, आणि पिलाला पोटाशीं धरून झाडांवरून हिंडणारी वानरी. विठ्ठल आपल्याला तसा आहे, असें ती म्हणते.

येथें उपमेची दिशाच उलटी झाली आहे. दासी जनावराची उपमा स्वतःला देत नाहीं, दुसऱ्या चाकराला देत नाहीं. ती देवाला, म्हणजे आपल्या धन्याला देते. शिवाय पक्षी, घार आणि वानरी यांना कोणी मालक नाहीं. आणि त्यांच्याच पंक्तीला जी माणसाची आई बसविली आहे ती बसून कौतुक करणारी आई नव्हे, कामाच्या रगाड्यांत सांपडलेली बाई आहे. वात्सल्याचें हें चित्र कष्ट करणाऱ्या स्त्रीनें रेखाटलें आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, पिलांसाठीं झेपावणारें पांखरूं ही सर्व संतांची सामाईक ठेव आहे, आणि जनाबाईच्या नांवावरचा प्रत्येक अभंग तिचाच असेल असेंही नाहीं. दोन्ही आक्षेप रास्त आहेत. परंतु उपमा सामाईक असली तरी तिची मांडणी सामाईक नसते. आणि हा अभंग जनाबाईचा म्हणून ज्या समाजानें इतकीं शतकें गाइला, त्यालाही तो दासीच्याच तोंडीं शोभतो असें वाटलें असलें पाहिजे. तिला बंडखोर ठरविण्याचा आमचा हेतु नाहीं. टेसचें दुःख कोठून आलें हें हार्डी दाखवितो. आपल्याला दासीपण कोठून आलें, हें जनाबाई या अभंगांत विचारीत नाहीं. त्या बाबतींत कादंबरीकाराचें पारडें जड आहे, हें मान्य केलें पाहिजे.

आमची तक्रार वाचकांविषयीं आहे. आपण हा अभंग मुलांकडून पाठ करून घेतों, त्यांतल्या पाखरांचें कौतुक करतों, आणि ओळींच्या मध्यें काम करीत असलेली बाई आपल्याला दिसत नाहीं. ज्या घरांत हा अभंग म्हटला जातो, त्याच घरांत भांडीं घासणाऱ्या बाईचें मूलही कोठें तरी तिची वाट पाहत असतें. तिची आठवण झाल्यावांचून हा अभंग पुरा वाचला असें आम्हांस म्हणवत नाहीं.