दुभाष्याची उपमा आणि कुर्डुवाडी

इंटरप्रिटर म्हणजे दुभाषी, ही उपमा मला पटत नाही. दुभाष्याला ऐकलेलं वाक्य आठवतं; साधा इंटरप्रिटर तोच बाइटकोड हजारदा नव्याने उलगडतो. त्यापेक्षा कुर्डुवाडी बघा. १८९७ पासून बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी इथे साडेपाच फुटी रुळांना भेटायची, नि प्रत्येक पोतं हमालांच्या पाठीवरून डबा बदलायचं. गेज बदललं, हमाली संपली.

क्रोममधलं व्ही८ इंजिन जावास्क्रिप्टच्या सतत चालणाऱ्या भागापुरतं हेच करतं: बाइटकोडचा थेट प्रोसेसरच्या भाषेत कोड बनवतं. फक्त कुर्डुवाडीचे अरुंद रूळ गेले. व्ही८ बाइटकोड जपून ठेवतं. ‘इथे आकडाच येणार’ हा अंदाज चुकला, शब्द आला, की पुन्हा हमाली.