आप्त कोण? : इंटरनेटच्या काळातला पत्रकार



पत्रकारितेवर बोलायला उभं राहिलं की दोन सूर हमखास लागतात. एक म्हणजे, पूर्वीचे पत्रकार ध्येयवादी होते, आता सगळा बाजार झाला. दुसरा म्हणजे, आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, तेव्हा प्रत्येक जण पत्रकार आहे. आम्हाला हे दोन्ही सूर बेसूर वाटतात. का, ते आपल्या कोल्हापूरशीच जोडलेल्या एका जुन्या प्रकरणावरून पाहू.

साल १८८२. कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. वेडाचं निमित्त सांगून त्यांना कोंडून ठेवलंय, त्यांचा छळ होतोय, अशी बोलवा होती. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी त्यावर लिहिलं आणि कारभारी बर्वे यांच्यावर ठपका ठेवला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांच्या आधारावर लिहिलं होतं ती बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांतले १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगरला महाराजांचा मृत्यू झाला तो गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत. म्हणजे बघा, काळजी खरी होती, पुरावा मात्र खोटा होता.

आजच्या भाषेत बोलायचं तर ही ‘फेक न्यूज’च. म्हणजे खोटी बातमी काही इंटरनेटनं जन्माला घातलेली नाही. ध्येयवादाच्या सुवर्णकाळातही ती होती, आणि तीही आपल्या थोरांच्या हातून. म्हणून पहिला सूर टिकत नाही.

पण फरक आहेच. टिळक-आगरकर नावानिशी उभे होते. बातमी चुकली तेव्हा माफी कुणी मागायची, तुरुंगात कुणी जायचं, हे ठरलेलं होतं. आज रात्रीत हजारो मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुराला धनी नसतो. ‘आलंय म्हणून पुढं पाठवलं’ एवढं म्हटलं की सुटका! ७ जून २०२३ आठवा. कुणाच्या तरी मोबाईलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. शाहू महाराजांच्या गावात हे घडलं.

आता थोडं तत्त्वज्ञान, कारण आमची ती जुनी खोड आहे. आपल्या न्यायदर्शनात ‘शब्द’ हे ज्ञानाचं एक साधन मानलंय. सगळंच काही आपण डोळ्यांनी पाहू शकत नाही, दुसऱ्याच्या सांगण्यावर भरवसा ठेवावाच लागतो. पण कुणाच्या? तर आप्ताच्या. आप्त म्हणजे नात्यातला नव्हे, बरं का. ज्यानं वस्तू स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायन तर स्पष्ट म्हणतो की हे लक्षण ऋषीला लागू आहे, तसंच म्लेच्छालाही. जात, हुद्दा, प्रतिष्ठा यांचा इथं संबंध नाही.

ही कसोटी पत्रकाराला लावून बघा. जाणणं, खरं सांगण्याची इच्छा असणं आणि प्रत्यक्ष सांगणं अशा तीन पायऱ्या झाल्या. मोबाईलनं यातली तिसरी पायरी सर्वांना फुकटात दिली. ही लोकशाहीची कमाई आहे, ती आम्ही नाकारत नाही. पण पहिल्या दोन पायऱ्या फुकटात मिळत नाहीत. म्हणून दुसरा सूरही टिकत नाही.

२०१९ च्या महापुरात आपण सगळ्यांनी हे अनुभवलं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. त्या दिवसांत कोल्हापूरकर तासातासाला आकडे विचारत होते आणि आकड्यांबरोबर अफवाही येत होत्या. नदी किती फुटांवर आहे हे ज्यानं मोजपट्टीवर पाहिलं, त्याचं एक वाक्य शंभर व्हिडिओंपेक्षा मोलाचं होतं. ते पाहायला माणूस तिथं जावा लागतो, थांबावा लागतो. त्याच्या थांबण्याचे पैसे कुणीतरी द्यावे लागतात.

इथंच खरी गोम आहे. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला, त्यामागं बाबासाहेबांची प्रज्ञा होती आणि शाहू महाराजांचे अडीच हजार रुपयेही होते. सत्य सांगायलाही पैसा लागतो. १९५५ साली श्रमिक पत्रकारांसाठी कायदा झाला, तो याच जाणिवेतून. मजिठिया वेतन आयोगाची अधिसूचना २०११ मध्ये निघाली, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. पण तालुक्याच्या वार्ताहराला याचा काय उपयोग? तो कुणाचा नोकरच नाही! त्याला तुटपुंजं मानधन आणि जाहिरातीवर कमिशन. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी काढायची, त्याच्याच विरुद्ध त्यानं बातमी द्यायची. हे इंटरनेट येण्याआधीपासून चालत आलंय. वृत्तपत्रांच्या मालकांनी आप्तपणाची दुसरी पायरी तेव्हाच खिळखिळी करून ठेवली होती.

मग जाहिराती गूगल-फेसबुककडे वळल्या. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी अंक टाकणं थांबलं, आणि अनेक पत्रकारांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांतल्या काहींनी स्वतःचं पोर्टल काढलं, यूट्यूब चॅनेल काढलं. हातात बूम, खिशात मोबाईल. बातमीदार, छायाचित्रकार, संपादक आणि वसुली कारकून सगळं एकच. तो मालकाच्या हुकमातून सुटला खरा, पण आता ‘व्ह्यूज’च्या हुकमात सापडला. हा नवा मालक तर दिसतही नाही, त्याच्याशी भांडायचं कुठं?

आणि खरंच जाणून, खरंच सांगणाऱ्याचं काय होतं? फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशे यांचा गाडीच्या धडकेनंतर मृत्यू झाला. त्यांनी रिफायनरीच्या वादावर सातत्यानं लिहिलं होतं. ज्याच्याविषयीची बातमी त्याच दिवशी छापून आली होती, त्यालाच खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रानं २०१७ मध्येच मंजूर केला होता. कायदा कागदावर होता, वारिशे रस्त्यावर एकटे होते.

म्हणून आमचा आक्षेप तंत्रज्ञानावर नाही. आक्षेप आहे तो आपल्यावर, वाचकांवर. डेटा पॅकला आपण बिनतक्रार पैसे भरतो आणि बातमी मात्र फुकट पाहिजे म्हणतो. फुकट मिळालेल्या बातमीचे पैसे कुणीतरी दिलेलेच असतात, आणि ज्यानं दिले त्याचंच ती ऐकते.

तेव्हा दोन गोष्टी करता येतील. एक, आपल्या गावात, तालुक्यात जो माणूस स्वतः जाऊन, पाहून, नावानिशी लिहितो त्याची वर्गणी भरा. रक्कम थोडी असली तरी चालेल. दोन, मोबाईलवर काही आलं की पुढं पाठवण्याआधी विचारा : हे कुणी पाहिलं? चुकलं तर उत्तर कोण देणार? दोन्हींना नाव मिळालं नाही, तर मजकूर आपल्यापाशीच थांबू द्या. १०१ दिवस तुरुंगात काढायची वेळ आपल्यावर येणार नाही. निदान एवढं तर करू.

आता तुमचे प्रश्न घेऊ.