चौकटीविना पैलूकेंद्री प्रोग्रॅमिंग : एक चिकित्सा

नोंदी ठेवणे, अधिकारतपासणी यांसारखी कार्ये संपूर्ण प्रणालीत विखुरतात. ती एकत्र आणण्यासाठी ग्रेगर किझालेस व झेरॉक्स पार्कमधील सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पैलूकेंद्री पद्धती मांडली. जावा १.३ (२०००) मधील डायनॅमिक प्रॉक्सीमुळे ती तयार फ्रेमवर्कविना थोड्या ओळींत साकारता येते. मात्र ऑब्जेक्टने स्वतःचीच मेथड आतून बोलावल्यास तो कॉल प्रॉक्सीपर्यंत पोहोचतच नाही. अधिकारतपासणी टळते आणि त्रुटीही दिसत नाही. हा दोष केवळ स्वरचित मांडणीचा नव्हे. स्प्रिंगच्या प्रॉक्सीतही तो आहे. अ‍ॅस्पेक्टजे मूळ कोडमध्येच पैलू विणत असल्याने तेथे तो उद्भवत नाही. म्हणून स्वरचना पर्याय म्हणून अपुरी असली, तरी फ्रेमवर्कची मर्यादा ओळखण्यासाठी विद्यार्थ्यांनी ती एकदा करणे अगत्याचे वाटते.